ऑपरेशनच्या कागदावरचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा खासगी दवाखान्यात सर्जनला दाखवून आलात की हातात केसपेपर असतो. त्यावरची अक्षरे इंग्रजी, शब्द मुळात ग्रीक-लॅटिन, आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले असते ते कोकणी-मराठीत. घरी आल्यावर तिन्हींचा मेळ बसत नाही, आणि शेजारचा कुणीतरी भलताच अर्थ सांगून मोकळा होतो. पोट, पित्ताशय, हर्निया, गुदद्वार, स्तन आणि अंगावरच्या गाठी, म्हणजे जनरल सर्जरीच्या ओपीडीत जे जे येते, त्याबद्दल लोक जे शब्द पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे उलगडले आहेत. कागद कळावा एवढ्यासाठीच ही माहिती आहे. औषध सुरू करणे, बंद करणे हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

ऑपरेशनचे लांबलचक नाव वाचायचे कुठून?

शेवटापासून. नावाचा पहिला भाग अवयव सांगतो आणि शेपूट त्या अवयवाचे काय करणार ते सांगते. माणसे अवयवाचे नाव ऐकतात आणि शेपूट सोडून देतात. गैरसमज तिथेच सुरू होतो.

जठराचेच उदाहरण घ्या. जठराला ‘गॅस्ट्र’. गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठर कापून उघडले, आतले काम केले (समजा, मुलाने गिळलेली वस्तू काढली) आणि पुन्हा शिवले. गॅस्ट्रोस्टमी म्हणजे जठराला पोटाच्या कातडीवर तोंड पाडले, बहुधा नळीने अन्न देण्यासाठी. गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर, पूर्ण किंवा काही भाग, कापून काढून टाकले. ऐकायला तिन्ही नावे सारखी, पण पहिल्यात अवयव जसाच्या तसा राहतो, दुसऱ्यात नळी घेऊन घरी जायचे असते, तिसऱ्यात अवयवच जातो. ‘टोमे’ म्हणजे कापणे, ‘स्टोमा’ म्हणजे तोंड आणि ‘एक्’ म्हणजे बाहेर, एवढे तीन ग्रीक तुकडे ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले.

‘स्टमी’मध्ये अजून एक मेख आहे. एकाच अवयवाचे नाव असेल, जसे कोलोस्टमी, इलिओस्टमी, तर तोंड बहुधा पोटावर असते आणि त्याला पिशवी लावतात. दोन अवयवांची नावे जोडून आली, जसे गॅस्ट्रोजेजुनोस्टमी, तर ते दोन अवयव आतल्या आत एकमेकांना जोडलेले असतात. बाहेर पिशवी नसते. ‘स्टमी’ ऐकताच पिशवी लागणार म्हणून रडारड करण्याआधी सुरुवातीचा अर्धा शब्द वाचा.

बाकीची शेपटे पटापट. ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती किंवा नवी घडण. ‘ऱ्हाफी’ म्हणजे शिवण. ‘पेक्सी’ म्हणजे सुटा झालेला अवयव जागेवर बांधणे. ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीने पाहणे. ‘सेंटेसिस’ म्हणजे सुईने पाणी काढणे. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. ‘लिथियासिस’ म्हणजे खडे होणे.

कोलेक्टमी आणि कोलेसिस्टेक्टमी यांत फरक काय?

फार मोठा. कोलेक्टमीतला ‘कोल’ म्हणजे कोलन, मोठे आतडे. कोलेसिस्टेक्टमीतला ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. पहिल्यात मोठ्या आतड्याचा भाग काढतात, दुसऱ्यात पित्ताशय. फोनवरून नातेवाइकांना सांगताना या दोघांची अदलाबदल होतेच होते, म्हणून नाव सांगू नका, ‘पित्ताची पिशवी काढणार’ असे सरळ सांगा.

हर्नियोटमी, हर्नियोऱ्हाफी, हर्नियोप्लास्टी : एकाच अंतर्गळाला तीन नावे कशी?

आजार एक, पण दुरुस्ती तीन प्रकारची. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतले आवरण, बरोबर चरबी किंवा आतडे, बाहेर फुगवट्यासारखे येणे. जांघेतल्या हर्नियाला आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात.

लहान मुलांत भिंत कमजोर नसते, जन्मापूर्वी बुजायला हवी होती ती पिशवी उघडी राहिलेली असते. ती मुळाशी बांधून कापली की काम संपते, हे हर्नियोटमी. मोठ्या माणसात भिंतच सैल झालेली असते. तिथे स्वतःचेच स्नायू आणि पडदे ओढून शिवले तर हर्नियोऱ्हाफी, आणि जाळी बसवली तर हर्नियोप्लास्टी. नुसते शिवले की ताण टाक्यांवर येतो, ऊती हळूहळू फाटते आणि हर्निया परत डोके वर काढतो, म्हणून मोठ्यांत आज बहुतेक वेळा जाळीच वापरतात. ही जाळी सहसा पॉलिप्रॉपिलीनची असते. जांघेच्या उघड्या ऑपरेशनात साधारण ७.५ × १५ सेंटिमीटरची, दुर्बिणीतून करताना १० × १५ सेंटिमीटरची. ती विरघळत नाही. तिच्या छिद्रांतून शरीराची ऊती वाढते आणि भिंत घट्ट होते. ‘मेश रिपेअर’ असे लिहिले असेल तर ते हेच.

त्यानंतर चालायचे कधी? त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. जड उचलायचे कधी? साधारण ४ ते ६ आठवडे नाही. जड म्हणजे विहिरीतून पाण्याने भरलेली कळशी ओढणे, नारळाची पोती, रापणीची दोरी, गॅसचा सिलिंडर. ‘हलके काम चालेल’ असे कागदावर असले तरी यातले काहीही हलके नव्हे. खोकला आणि बद्धकोष्ठ हेही वजन उचलण्यासारखेच पोटावर ताण देतात, म्हणून त्यांची औषधे चिठ्ठीत असतात. त्यांचा ऑपरेशनशी काय संबंध, असे म्हणून ती वगळू नका.

हर्नियाच्या कागदावरच्या कोणत्या शब्दाला घाबरायचे?

‘रिड्यूसिबल’ म्हणजे आडवे पडल्यावर किंवा हाताने दाबल्यावर आत जातो. ऑपरेशन ठरवून, सवडीने करता येते. ‘इर्रिड्यूसिबल’ म्हणजे आत जात नाही. आता लांबवू नये. ‘ऑब्स्ट्रक्टेड’ म्हणजे त्यात आतडे अडकून वाट बंद झाली आहे: उलट्या, पोट फुगणे, वारा न सरणे. ‘स्ट्रँग्युलेटेड’ म्हणजे अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आहे. हा शब्द आल्यावर उद्या बघू म्हणायला जागा नाही. काही तासांत आतड्याचा तेवढा भाग मरतो आणि मग तो कापून काढावा लागतो.

घरी ओळखायची खूण: रोज आत जाणारी गाठ आज आत जात नाही, कडक झाली आहे, हात लावू देत नाही, वर उलटी. अशा वेळी गाठ जोराने आत ढकलू नका, चोळू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, १०८ ला फोन करा. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावातून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळापर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो, म्हणून घरगुती शेक देऊन बघण्यात रात्र घालवणे महागात पडते.

सोनोग्राफीत ‘कोलेलिथियासिस’ आले. ऑपरेशन करावेच लागेल?

तेवढ्या एका शब्दावरून नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पित्ताशयात खडे आहेत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले आणि त्रास कधीच झाला नसेल, तर बहुतेकांना नुसते लक्ष ठेवायला सांगतात.

त्याच कुळातले आणखी तीन शब्द मात्र वेगळे वाचावे लागतात. कोलेसिस्टायटिस म्हणजे पित्ताशयाला सूज. अहवालात ‘वॉल थिकनेस’ (भिंतीची जाडी) ३ मिलिमीटरच्या वर आणि भोवती पाणी असे लिहिलेले असते, आणि रुग्णाला उजव्या बरगडीखाली दुखते, ताप येतो. कोलेडोकोलिथियासिस म्हणजे खडा पित्ताशयातून निसटून मुख्य पित्तनलिकेत अडकला. अहवालात ‘सी.बी.डी. डायलेटेड’ (मुख्य पित्तनलिका फुगली आहे) असते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. हा खडा बहुधा ई.आर.सी.पी. करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, काढतात आणि पित्ताशयाचे ऑपरेशन त्याव्यतिरिक्त होते. एका आजाराला दोन बिले का, या प्रश्नाचे उत्तर हे. आणि कोलांजायटिस म्हणजे त्या अडकलेल्या नलिकेत पू होणे: थंडी वाजून ताप, कावीळ, पोटदुखी तिन्ही एकदम. हा चौघांतला सर्वांत धोक्याचा.

खडे औषधाने विरघळवून देतो असे सांगणाऱ्यांची कमी नाही. मूतखडा लघवीवाटे पडतो, म्हणून पित्ताचाही पडेल असे लोक धरून चालतात. पित्ताशयातून खडा ‘पडला’ तर तो त्या मुख्य नलिकेत जातो, आणि ती चांगली बातमी नसते.

फक्त खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत?

खडे त्या पिशवीत तयार होतात. ती ठेवली की पुन्हा होतात. पित्त तयार होते यकृतात, पिशवी फक्त साठवण करते. ती नसली तरी पित्त थेट आतड्यात जात राहते.

‘लॅप कोले कन्व्हर्टेड टू ओपन’ असे लिहिले आहे. काही चुकले का?

‘लॅप’ म्हणजे लॅपरोस्कोपी, दुर्बिणीचे ऑपरेशन. पोटात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १४ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरून सहसा चार छिद्रांतून काम करतात. सुजेमुळे सगळे एकमेकांना चिकटले असेल, पित्तनलिका नीट ओळखू येत नसेल किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर सर्जन पोट उघडतात. चुकीची नळी कापली जाऊ नये म्हणून घेतलेला हा निर्णय आहे. त्याला कागदावर ‘कन्व्हर्टेड’ म्हणतात आणि तो अपयशाचा शेरा नाही. जखम मोठी झाल्यामुळे मुक्काम मात्र वाढतो.

लॅपनंतर खांदा दुखतो, विशेषतः उजवा. उरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली चिडचिड करतो आणि तिथल्या आणि खांद्याच्या नसा एकाच मुळातून येतात. एक-दोन दिवसांत, हिंडू-फिरू लागल्यावर, थांबतो. छातीत दाब, दम किंवा घाम असेल तर ते वेगळे, लगेच सांगा.

‘अक्यूट’ म्हणजे गंभीर ना?

नाही. अक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेले, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेले. साधी सर्दीही अक्यूट असते आणि कर्करोग क्रॉनिक असू शकतो. तीव्रतेसाठी ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘सिव्हिअर’ हे शब्द शोधा.

अपेंडिक्सला सूज आहे म्हणाले, मग सहा आठवड्यांनी या असे का सांगितले?

कागदावर बहुधा ‘अपेंडिक्युलर लंप’ लिहिले असेल. दुखणे सुरू होऊन काही दिवस गेले की आतडी आणि चरबीचा पडदा सुजलेल्या अपेंडिक्सभोवती गोळा होऊन त्याला वेढतात. शरीरानेच घातलेले ते कुंपण. त्या वेळी ऑपरेशन केले तर चिकटलेल्या आतड्यांना इजा होण्याचा धोका अधिक. म्हणून प्रतिजैविके देऊन गोळा विरघळू देतात आणि गरज पडली तर ६ ते ८ आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात. त्याला ‘इंटरव्हल अपेंडिसेक्टमी’ म्हणतात. ‘परफोरेटेड’ लिहिले असेल तर अपेंडिक्स फुटले आहे. तिथे थांबायचे नसते.

शौचाच्या जागी काहीही झाले तरी ते मूळव्याधच का?

लोकांच्या तोंडी, हो. सर्जनच्या कागदावर ते चार वेगळे आजार असतात आणि चौघांचे उपचार वेगळे.

मूळव्याध, म्हणजे पाइल्स किंवा हिमरॉइड्स: लालभडक रक्त, बहुधा न दुखता. पहिल्या ग्रेडमध्ये फक्त रक्त, दुसऱ्यात कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसऱ्यात बोटाने ढकलावा लागतो, चौथ्यात बाहेरच राहतो. फिशर म्हणजे चीर: शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना आणि नंतर तासभर किंवा जास्त ठणका, रक्त थोडेच. फिस्चुला म्हणजे भगंदर: गुदद्वाराजवळ लहानसे छिद्र, त्यातून अधूनमधून पू, कपड्याला डाग. आणि पेरिअ‍ॅनल अ‍ॅबसेस म्हणजे गळू: ठणका, ताप, बसवत नाही. हे चिरून पू काढावा लागतो आणि पुष्कळदा याच गळवाचे पुढे भगंदर होते. मूळव्याधीची म्हणून आणलेली मलमे भगंदराला काहीच करत नाहीत.

‘फिशर अ‍ॅट सिक्स ओ’क्लॉक’ वाचून अनेक जण सहा वाजता ऑपरेशन आहे असे समजतात. ते घड्याळ जागेचे आहे. रुग्ण पाठीवर झोपून पाय वर घेतलेला आहे असे धरून पुढची बाजू १२ आणि पाठीची बाजू ६. पाइल्स बहुधा ३, ७ आणि ११ वर असतात, फिशर बहुधा ६ वर.

‘सिट्झ बाथ’ म्हणजे टबात कोमट पाणी घेऊन त्यात १०-१५ मिनिटे बसणे, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचाहून आल्यावर. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने आधीच नाजूक असलेली कातडी भाजते. औषध सांगितले नसेल तर डेटॉल घालू नका.

एक गोष्ट ठासून सांगायची तर ही: वय ४५च्या पुढे, रक्त जाते आहे, शौचाची सवय बदलली आहे किंवा वजन उतरते आहे, तर पाइल्स दिसले तरी तिथेच थांबू नका, कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. पाइल्स आणि आतड्याचा कर्करोग एकाच माणसाला असू शकतात.

संमतिपत्रावर ‘एस.ओ.एस.’ आणि ‘प्रोसीड’ असते. सही करण्याआधी काय पाहायचे?

औषधाच्या चिठ्ठीत एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तर घ्यायची गोळी. ऑपरेशनच्या नावातही अर्थ तोच, फक्त गोळीच्या जागी अवयव असतो. ‘एक्स्प्लोरेटरी लॅपरोटमी, एस.ओ.एस. बॉवेल रिसेक्शन, एस.ओ.एस. स्टोमा’ म्हणजे पोट उघडून पाहू, गरज पडली तर आतड्याचा भाग काढू, गरज पडली तर पोटावर तोंड पाडून पिशवी लावू. ‘अँड प्रोसीड’ म्हणजे आत जे दिसेल त्यानुसार पुढे करू. पोट अचानक दुखू लागून आलेल्या रुग्णात आधीपासून सगळे सांगता येत नाही, त्यामुळे हे शब्द खोडसाळ नव्हेत. पण प्रत्येक एस.ओ.एस.नंतरचा शब्द काय, हे सहीपूर्वी विचारायचेच.

शेपटाचा फरक न्यायालयापर्यंतही गेला आहे. तपासणीसाठी आणि उपचारासाठी लॅपरोस्कोपी, आणि गरज पडल्यास लॅपरोटमी, एवढीच संमती असताना रुग्ण भुलीत असतानाच तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की पाहण्याची संमती ही काढून टाकण्याची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागले तरच गोष्ट वेगळी. भुलीत असलेल्या सज्ञान रुग्णाऐवजी बाहेर बसलेल्या आईची तोंडी परवानगीही त्या प्रकरणात पुरेशी धरली गेली नाही.

तेव्हा विचारायचे प्रश्न असे: नक्की काय काढणार? कोणत्या बाजूचे (उजवे की डावे, कागदावर लिहिले आहे का)? जाळी, नळी, पिशवी यातले काय लागू शकते? ऑपरेशन केले नाही तर काय होईल? आणि संमतिपत्र वाचता येत नसेल तर समजेल त्या भाषेत सांगायला लावा. कोकणीत समजावून घेऊन इंग्रजी कागदावर सही करणे ही रोजची गोष्ट आहे, पण जे समजावले तेच लिहिले आहे का, हे शिकलेल्या एखाद्या घरच्या माणसाला पाहू द्या.

‘एन.बी.एम. आफ्टर मिडनाइट’ म्हणजे काय? पेज तरी चालते का?

एन.बी.एम. म्हणजे तोंडाने काहीही नाही. भूल दिल्यावर घशाचे रक्षण करणारी हालचाल थांबते. जठरात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात शिरते, आणि त्याने माणूस दगावू शकतो. नेहमीचे हिशेब असे: तळलेले, मटण, भरपेट जेवण ८ तास आधी बंद, हलका आहार आणि दूध ६ तास, अंगावरचे दूध ४ तास, पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास. तुमची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच.

पेज चालत नाही. निवळ असली तरी नाही, तिच्यात भाताचे पीठ असते. सोलकढीत नारळाचा रस असतो, तीही नाही. दुधाचा चहा ‘फक्त अर्धा कप’ हाही अन्नातच मोजतात, आणि सकाळी ऑपरेशन पुढे ढकलले जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. लपवू नका, घेतला असेल तर सांगा, फार तर वेळ बदलेल. आदल्या रात्री फेणी, पहाटे तंबाखूची चिमूट यांनाही हाच न्याय.

पी.ए.सी. आणि ए.एस.ए. ग्रेड?

पी.ए.सी. म्हणजे ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांनी केलेली तपासणी. ए.एस.ए. ग्रेड म्हणजे भुलीपूर्वी तब्येत कशी आहे त्याची श्रेणी: १ म्हणजे निरोगी, २ म्हणजे आटोक्यातला मधुमेह किंवा रक्तदाब, ३ म्हणजे रोजच्या जगण्यावर परिणाम करणारा आजार, ४ म्हणजे जिवाला सतत धोका असलेला आजार. पाचवी आणि सहावी ग्रेड ओपीडीत दिसत नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाच्या काही गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या साधारण ३ दिवस. कोणती कधी, हे तोंडी ऐकून येऊ नका, लिहून घ्या.

नळ्या, सुया, टाके : आकडा मोठा म्हणजे जाड का?

इथे तीन पद्धती तीन तऱ्हा. लघवीची नळी (फोलीज कॅथेटर) आणि नाकातली नळी (रायल्स ट्यूब) ‘फ्रेंच’मध्ये मोजतात: आकडा मोठा तर नळी जाड, आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. मोठ्या माणसाला १६ नंबरची फोलीज म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. सलाइनची सुई ‘गेज’मध्ये: आकडा मोठा तर सुई बारीक. हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२. रक्त चढवायचे असेल तर म्हणूनच हिरवी घालतात. टाक्याच्या दोऱ्यात शून्ये मोजतात: ‘३-०’ म्हणजे तीन शून्ये, आणि जितकी शून्ये जास्त तितका दोरा बारीक. चेहऱ्याला ५-० किंवा ६-०, पोटाची भिंत शिवायला १ नंबर.

टाके कधी काढतात? काही जणांचे काढतच नाहीत, ते कसे?

विरघळणारे असतात. व्हिक्रिल साधारण दोन महिन्यांत शरीरात जिरते. प्रोलीन, नायलॉन, सिल्क बाहेर असतील तर काढावे लागतात: चेहऱ्याचे ५ दिवसांनी, पोटाचे ७ ते १० दिवसांनी, पायाचे १० ते १४. ‘अल्टरनेट सूचर रिमूव्हल’ म्हणजे एक सोडून एक काढणे. उरलेले पुढच्या खेपेस. मधुमेह, स्टेरॉइड किंवा कुपोषण असेल तर तारखा लांबतात.

जखमेच्या शेऱ्यांतले ‘सोकेज’, ‘सेरोमा’, ‘एस.एस.आय.’, ‘गॅपिंग’ म्हणजे काय?

सोकेज म्हणजे पट्टी भिजणे. सेरोमा म्हणजे कातडीखाली साठलेले पिवळसर पाणी. जाळी घातल्यावर किंवा स्तनाच्या ऑपरेशननंतर बरेचदा होते आणि ते पू नव्हे. हिमॅटोमा म्हणजे साठलेले रक्त. एस.एस.आय. म्हणजे ऑपरेशनच्या जागेचा जंतुसंसर्ग, ३० दिवसांत होणारा. जाळी किंवा इतर काही आत बसवले असेल तर ९० दिवसांपर्यंत. गॅपिंग म्हणजे कातडीच्या कडा उघडणे.

सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘डिहिसन्स’. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास जखमेतून अचानक गुलाबीसर पाणी भरपूर येऊ लागले, तर आतली शिवण सुटते आहे असे समजा. खोकू नका, उठू नका, स्वच्छ ओला कपडा झाकून इस्पितळ गाठा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याआधीच्या मे महिन्यात घामाने पट्टी ओली राहते. ओली पट्टी म्हणजे जंतूंना आयते घर. ओली झाली की ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलून घ्या. हळद, खोबरेल, कोरफड जखमेवर नको. ‘ड्रेन’ (आत साठणारे पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर रोज ठरावीक वेळी २४ तासांतले मिलिलिटर आणि रंग वहीत लिहा: ‘सिरस’ पिवळे पाणी, ‘सेरोसँग्विनस’ गुलाबी, ‘प्युरुलंट’ पू, ‘बिलिअस’ हिरवे पित्त. आकडा कमी होत जायला हवा. एकदम शून्य झाला तर आधी नळी दुमडली आहे का ते पाहा.

‘ट्युमर’ म्हणजे कॅन्सर? आणि बायॉप्सीने तो पसरतो का?

ट्युमर म्हणजे गाठ, वाढ. ‘बिनाइन’ म्हणजे साधी, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कर्करोगाची. नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘ओमा’वर भरवसा ठेवू नका: लायपोमा चरबीची निरुपद्रवी गाठ, पण लिम्फोमा आणि मेलनोमा कर्करोग, आणि हिमॅटोमा तर गाठच नाही, साठलेले रक्त.

सुईने पेशी घेतल्या तर एफ.एन.ए.सी., जाड सुईने ऊतीची बारीक काडी घेतली तर ट्रू-कट, तुकडा कापला तर इन्सिजनल, पूर्ण गाठ काढून तपासली तर एक्सिजनल बायॉप्सी. ‘सुई लावली आणि कॅन्सर पसरला’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. स्तनाच्या गाठीत नीट केलेल्या सुईच्या तपासणीने आजार पसरत नाही. उशिराने मात्र पसरतो.

अहवालातले शब्द रोजच्या बोलण्याच्या उलट वागतात. ‘निगेटिव्ह’ म्हणजे सापडले नाही, बहुधा चांगले. ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत आजार आहे, म्हणजे वाईट. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे सांगण्यासारखा दोष नाही. ‘ग्रेड’ पेशी किती बिघडल्या ते सांगते, ‘स्टेज’ आजार किती पसरला ते. ‘२/१४ नोड्स’ म्हणजे १४ ग्रंथी तपासल्या, दोनात आजार. मॅमोग्राफीतले ‘बायरॅड्स ०’ म्हणजे काही नाही असे नव्हे; चित्र अपुरे आहे, पुन्हा तपासा. ३ असेल तर बहुधा सहा महिन्यांनी पाहतात, ४ असेल तर बायॉप्सी सुचवतात.

एकच अक्षरे दोन अर्थांनी येतात, कशी ओळखायची?

आजूबाजूच्या शब्दांवरून. आय.सी.डी. सर्जरीत छातीतली नळी, हृदयविभागात शरीरात बसवलेले यंत्र. आर.टी. रायल्स ट्यूब किंवा रेडिओथेरपी. पी.आर. नाडीचा वेग किंवा गुदद्वाराची बोटाने तपासणी. ओ.डी. गोळ्यांत दिवसातून एकदा, डोळ्यांच्या कागदावर उजवा डोळा. बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना, स्टॅट म्हणजे आत्ताच. ‘सी.ए.’ अवयवाच्या नावाआधी असेल तर कर्करोग, रक्ताच्या तक्त्यात असेल तर कॅल्शियम.

लिस्बनहून आलेले पोर्तुगीज कागद इथल्या डॉक्टरांना कळतील?

नावे तरी नक्की. मुळे ग्रीकच आहेत, फक्त शेवट बदलतो: ‘एक्टमी’चे ‘एक्तोमिया’, ‘आयटिस’चे ‘इत’, हर्नियाचे ‘एर्निया’. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतही शिकवणे पोर्तुगीजमध्येच होते. औषधांचे डोस आणि तारखा मात्र भाषांतर करून घ्या.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डासाठी नावाचा संबंध काय?

गोवा सरकारच्या २०१६ पासूनच्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या नावावर ठरते. म्हणून अंदाजपत्रकावर आणि संमतिपत्रावर नाव तेच आहे ना, लॅप की ओपन, उजवे की डावे, हे भरतीपूर्वी काउंटरवर पडताळा. जाळीसारख्या वस्तू रकमेत धरल्या आहेत का, तेही विचारून घ्या.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा काय पाहायचे?

‘प्रोसीजर डन’ची ओळ. ठरले होते तेच झाले की बदलले, हे तिथे असते. मग ‘एच.पी.ई. अवेटेड’ लिहिले आहे का पाहा. काढलेला भाग तपासणीला गेला आहे आणि अहवाल अजून यायचा आहे, असा त्याचा अर्थ. तो घ्यायला तुम्हालाच जायचे असते. पित्ताशयाचाही अहवाल घ्यावा लागतो, कारण क्वचित त्यात कर्करोग निघतो आणि बाहेरून काहीच दिसलेले नसते. जाळी किंवा क्लिप बसवली असेल तर त्याचे स्टिकर कार्डावर चिकटवले आहे का बघा. आणि ‘रिव्ह्यू एस.ओ.एस.’ एवढेच लिहिले असेल, तर नक्की कशासाठी यायचे ते दारातून बाहेर पडण्याआधी विचारा: किती ताप, किती पाणी, कितव्या दिवसापर्यंत, आणि रात्री आलो तर ओपीडी की कॅज्युअल्टी.